अठ्ठाविसाव्या दगडावरचं मिसिंग

१

घाटातल्या तिसऱ्या वळणावर दवाखान्याची गाडी मेली, तेव्हा आत चार माणसं, औषधांच्या दोन पेट्या आणि डोळे तपासायचं एक मोठं यंत्र होतं. आधी इंजिनाने खोकल्यासारखे चार-पाच झटके दिले, मग धाप लागल्यासारखा आवाज काढला आणि ते एकदम गप्प झालं. गाडी मागे सरकायला लागली. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, तरी ती थांबेना. शेवटी त्याने स्टीअरिंग फिरवून गाडीचं मागचं अंग डोंगराच्या बाजूच्या मातीत रुतवलं. दुसऱ्या बाजूला दरी होती. माणसं वाचली. यंत्राची काच मात्र फुटली.

ही हकीकत काकूंनी ऐकली ती अकरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, खुद्द डॉक्टरांच्या तोंडून. त्या गाडीत डॉक्टरही होत्या.

काकूंची शेड म्हणजे एका छपराखाली दोन दुकानं. अर्ध्या भागात काकू गाड्यांची विजेची कामं करायच्या. स्टार्टर, डायनॅमो, बॅटऱ्या, वायरिंग. उरलेल्या अर्ध्या भागात काका शिलाई मशीनवर गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. "गाडीचे कपडे माझ्याकडे आणि नाडी हिच्याकडे," असं काका सांगायचे. तीस वर्षांत काकूंच्या हाताखालून इतकी इंजिनं गेली होती, की रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून त्या जेवता जेवता म्हणायच्या, "तिसरा प्लग." आणि पुढच्या आठवड्यात ती गाडी दारात उभी असायची.

"चढावर मिसिंग करते, झटके देऊन बंद पडते," डॉक्टर म्हणाल्या. त्या स्टुलावर टेकल्या होत्या, पण बसल्यासारख्या वाटत नव्हत्या. "प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. कार्बोरेटर खोलून साफ केला. पेट्रोलचा पंपसुद्धा नवा टाकला. आता मिस्त्री म्हणतात, वायरिंगमध्ये काहीतरी असेल."

"म्हणजे सगळ्यांचे हात टेकल्यावर माझी आठवण झाली."

"तसं समजा. पण काकू, गोष्ट गाडीपुरती राहिलेली नाही. आमच्या व्यवस्थापकांचं म्हणणं असं, की गाडीत काही दोष नाही, दोष मामांचा आहे. मामा पेट्रोल काढून विकतात आणि कमी पडलेलं रॉकेल ओतून भरतात, म्हणून इंजिन बंद पडतं."

मामा म्हणजे ड्रायव्हर. बावीस वर्षं तो ही एकच गाडी चालवत होता. डोंगरावरच्या चौदा गावांत त्याला याच नावाने ओळखत. दर गुरुवारी गाडी त्यांतल्या एका गावाला जायची, डोळे तपासायची, ज्यांना मोतीबिंदू असेल त्यांना घेऊन यायची, आणि पुढच्या फेरीला त्यांना घरी सोडायची.

"शुक्रवारी मंडळाची बैठक आहे," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "मामांना काढून टाकायचं, गाडी विकायची आणि डोंगरावरच्या फेऱ्या बंद. कागद तयार आहे, फक्त सह्या व्हायच्यात."

"मग लोकांनी काय करायचं?"

"खाली यायचं. दोन बस बदलून. ज्यांना दिसत नाही त्यांनी."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. काका ऐकत होते.

"मामाने चोरी केली असेल असं तुम्हाला वाटतं?" काकूंनी सरळ विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग जराशा घुटमळल्या. "पण एक गोष्ट मलाही कळत नाही. अपघाताच्या आदल्या गुरुवारी व्यवस्थापक साहेब स्वतः गाडीत बसून आले होते, खरं-खोटं करायला. तोच रस्ता, तोच घाट, तितकंच वजन. आणि त्या दिवशी गाडी एकदाही खोकली नाही."

२

दवाखान्याच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. पांढरा रंग, बाजूवर निळ्या रंगात काढलेला डोळा, मागच्या दाराला अपघाताचा पोचा. काकूंनी बॉनेट उघडलं, एकेक प्लगची वायर काढून ठिणगी बघितली. चारही ठिणग्या निळ्या, जाड, टणटणीत. वायरा हलवून बघितल्या, जोड ओढून बघितले, बॅटरीचं अर्थिंग तपासलं. तासाभराने हात पुसत त्या म्हणाल्या, "वायरिंगला दोष देऊ नका. माझ्या खात्यात सगळं चोख आहे."

मामा दूर, भिंतीच्या सावलीत बसला होता. गाडीजवळ यायला त्याला मनाई होती. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. पण अकरा दिवसांत खांदे पुढे पडले होते.

काकू त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. "सांगा."

"काय सांगू काकू? सांगून सांगून जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी."

"मला नाही सांगितलंत अजून. कधी सुरू झालं हे?"

"अपघात धरून पाच फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांना झटके देऊन बंद पडली. अर्धा तास उभी केली की आपली आपण सुरू व्हायची. मग पुढे थोडं जायचं, पुन्हा थांबायचं. चौथ्या फेरीला साहेब होते, तेव्हा शहाण्या मुलीसारखी चालली. पाचव्या फेरीचं तुम्हाला ठाऊक आहे."

"येताना?"

"येताना कधीच नाही. एकदासुद्धा नाही."

"पाचव्या फेरीला झटके सुरू झाल्यावर थांबला का नाहीत?"

मामाने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. साहेबांच्या सहीची ताकीद होती. वाटेत विनाकारण गाडी उभी केल्यास कारवाई केली जाईल.

"मी थांबणारच होतो," मामा हळू आवाजात म्हणाला. "पायसुद्धा उचलला होता. मग हा कागद आठवला. म्हटलं, रेटून बघू. बावीस वर्षांत माझ्या गाडीत कोणाला ओरखडा नव्हता आला."

काकूंनी कागद घडी करून परत दिला. मग त्यांनी विचारलं, "पहिला झटका कुठे बसतो? नेमकी जागा सांगा."

"अठ्ठाविसाव्या दगडाच्या आसपास. घाट सुरू होतो तिथे."

"घाट सुरू व्हायच्या आधी का नंतर?"

मामा बोलायला गेला आणि थांबला. डोळे मिटून त्याने हात पुढे धरले, स्टीअरिंग धरल्यासारखे. रस्ता त्याच्या डोळ्यांपुढून सरकत असावा. मग तो सावकाश म्हणाला, "आधी. पूल ओलांडला की अर्धा-पाऊण किलोमीटर सपाट रस्ता आहे. पहिला झटका तिथे बसतो, चारही वेळा तिथेच. चढ नंतर येतो." त्याने डोळे उघडले. "हे आजवर कोणाला बोललो नाही काकू. कोणी विचारलंच नाही."

सगळे जण पाच आठवडे चढाला दोष देत होते. आणि चढ तर अजून सुरूच झालेला नसायचा.

३

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. काकू तिथे गेल्या त्या मनात एक खडा घेऊन. दवाखान्याच्या शिपायाने त्यांना जाता जाता सांगितलं होतं, की गाडी विकायला काढली तर मिस्त्री ती घेणार आहे. साहेबांशी बोलणंही झालंय. ज्याच्या हातात गाडीची दुरुस्ती त्यालाच गाडी हवी असेल, तर ती दुरुस्त कशी व्हावी?

"खरं आहे ते?" काकूंनी उंबऱ्यातच विचारलं.

मिस्त्री ट्रकच्या खालून सरपटत बाहेर आला. उंच, हाडकुळा, कानापर्यंत ग्रीस. "खरं आहे. मग? भंगारवाल्याने तोडावी का ती? या इंजिनावर मी काम शिकलो. मी ती घेऊन चालती करणार होतो."

"पाच आठवड्यांत चालती झाली नाही, ती घेतल्यावर होणार होती?"

वर्मी बसलं. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "काकू, तुमच्यापासून काय लपवायचं. मला ती सापडली नाही. इथे आणली की चालते. गावात पाच-सहा किलोमीटर पळवतो, चालते. पंपाची नळी काढून बघितली तर पेट्रोल धो धो येतं. मी गाडी हातात घेतली की तिला काही होत नाही, आणि मामाने घेतली की मरते. मग साहेबांनी मामावर बोट ठेवलं तेव्हा मी गप्प बसलो. बोलायला तोंडच नव्हतं."

हे खरं बोलणं होतं. काकूंनी खडा खाली टाकला. "काढलेले जुने प्लग फेकलेस?"

"मी काही फेकत नाही," म्हणून मिस्त्रीने फळीवरचा एक डबा काढला. चारही प्लग कागदात गुंडाळलेले होते. काकूंनी ते उजेडाशी नेले. टोकं पांढरी होती, राखेसारखी, कोरडी ठाक. काजळीचा ठिपका नाही.

"रॉकेल घातलेल्या गाडीचे प्लग कसे निघतात?"

"काळे कुट्ट," मिस्त्री म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याने चमकला. "अरे! हे तर उपाशी इंजिनाचे प्लग आहेत. पेट्रोल कमी, हवा जास्त. म्हणून तर मी पंप बदलला."

"पंप बदलूनही उपाशीच राहिलं." काकूंनी प्लग पुन्हा गुंडाळले. "गेल्या वर्षभरात त्या गाडीत आणखी काय काय बदललं? इंजिन सोडून सांग. आरसा बदलला असला तरी सांग."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "मागचा दिवा. वायपर. आणि आठ महिन्यांपूर्वी चारही टायर. वरच्या रस्त्यावर दगडांना गाडीचं पोट घासायचं, म्हणून आधीपेक्षा मोठ्या मापाचे टाकले. एवढंच." मग जरा थांबून तो म्हणाला, "हां, पेट्रोलच्या टाकीला कुलूप लागलंय. पण ते माझं काम नाही. ते साहेबांनी स्वतः केलंय."

४

साहेबांची खोली इतकी नीटनेटकी होती, की काकूंना आपली चप्पल कुठे काढावी हा प्रश्न पडला. टेबलावर वही, वहीशेजारी पट्टी, पट्टीशेजारी टोक काढलेल्या तीन पेन्सिली. साहेब स्वतः तसेच होते. काकूंना वाटलं होतं माणूस उर्मट असेल. पण त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"मला मामाबद्दल आकस नाही," ते म्हणाले. "पण ही संस्था लोकांच्या विश्वासावर चालते. थेंबाथेंबाचा हिशोब मला द्यावा लागतो. पूर्वी गाडी लिटरला आठ किलोमीटर द्यायची. आठ महिन्यांपासून साडेसातही देत नाही. दर फेरीला जवळजवळ लिटरभर पेट्रोल गायब. मी तीनदा विचारलं, मामाकडे उत्तर नाही."

"आठ महिन्यांपासून," काकू म्हणाल्या.

"बरोबर आठ. शेवटी मी कुलपाचं झाकण आणून बसवलं. सहाएक आठवडे झाले. किल्ली माझ्याकडे. बुधवारी संध्याकाळी माझ्यासमोर टाकी गळ्यापर्यंत भरायची, कुलूप लावायचं आणि गुरुवारी गाडी निघायची."

"कुलूप लावल्यावर चोरी थांबली?"

साहेब जरा ओशाळले. "नाही. फरक तेवढाच आहे. म्हणजे तो कुठून तरी नळीतून काढत असणार. आणि कुलूप लागल्याबरोबर गाडी बंद पडायला लागली, हेही बघा. चोराच्या मनात चांदणं. मला अडचणीत आणायला तो मुद्दाम बंद पाडतोय."

"तुम्ही एका फेरीला गेला होतात ना? काय काय केलंत, मला अगदी बारीकसारीक सांगा."

"नजर ठेवली. दुसरं काय? पुलाच्या अलीकडे सगळे चहाला थांबले, तेव्हा मी झाकण उघडून पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं. पुन्हा कुलूप लावलं. वर पोचल्यावर पुन्हा मोजलं. त्या दिवशी गाडीला शिंकसुद्धा आली नाही." साहेबांच्या आवाजात थोडा अभिमान आला. "झाकण मात्र नामी मिळालंय. इतकं घट्ट बसतं, की किल्ली फिरवून उघडलं की फुस्स करून आवाज येतो. आतली वाफसुद्धा बाहेर जात नाही."

काकूंनी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"साहेब, गुरुवार आलाच आहे. गाडी वर न्यायची. डॉक्टर येतील, मी येईन, मिस्त्री येईल, मामा येईल आणि तुम्हीही यायचं. बुधवारी टाकी गळ्यापर्यंत भरा आणि कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा. मी सांगेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही."

"त्याने काय होणार?"

"गाडी बंद पडणार."

साहेब हसले. "मग माझंच म्हणणं खरं ठरलं."

"बंद पडेल तेव्हा स्टीअरिंगवर मामा नसेल," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

५

गुरुवारी सकाळी सातला गाडी निघाली. चालवायला मिस्त्री, त्याच्या शेजारी साहेब. मागे डॉक्टर आणि काकू, आणि सगळ्यांत मागे, औषधांच्या पेट्यांवर, मामा. बावीस वर्षांत तो या गाडीत मागे कधी बसला नव्हता. हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

डॉक्टरांनी वरच्या गावाला निरोप धाडला होता. "पोचलो तर तपासणी करू, असं कळवलंय," त्या काकूंच्या कानात म्हणाल्या. "तीन आठवडे गाडी आलेली नाही तिकडे. लोक पहाटेपासून येऊन बसतील. नाही पोचलो तर काय तोंड दाखवू?"

"पोचू," काकू म्हणाल्या. पण पुरती खात्री त्यांनाही नव्हती. आपला तर्क चुकला, तर उद्या सह्या व्हायच्याच होत्या, आणि त्या सह्यांना आपणच साक्षीदार पुरवलेले असणार होते.

पहिला दगड आला तेव्हा काकू पुढे वाकल्या, डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा बघितला आणि वहीत लिहिला. त्यानंतर खिडकीबाहेर बघत राहिल्या. प्रत्येक दगडाला वहीत एक रेघ.

"हे काय चाललंय?" साहेबांनी मान वळवून विचारलं.

"सवय," काकू म्हणाल्या.

दहावा दगड गेला, विसावा गेला. इंजिन मऊ चालत होतं. पुलाच्या अलीकडची चहाची टपरी दिसली तेव्हा मिस्त्रीने आरशातून काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, थांबायचं नाही. गाडी पुलावरून गडगडत पलीकडे गेली. समोर सपाट रस्ता, आणि त्याच्या टोकाला डोंगर.

काहीच झालं नाही.

शंभर पावलं, दोनशे पावलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

आणि मग पहिला झटका बसला.

"हाच तो!" मामा मागून ओरडला.

दुसरा झटका, तिसरा. कार्बोरेटरमधून फट् फट् आवाज आले, मिस्त्रीने पाय दाबला तशी गाडी आणखीच गुदमरली, आणि रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाच्या अठ्ठाविसाव्या दगडाशी येऊन मरून पडली.

मिस्त्रीने दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून वर धरले. "साहेब, मी पेट्रोल चोरलेलं नाही हो," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला होता. मामा पाऊण तास गाडीच्या कशालाही हात न लावता मागे पेटीवर बसून होता.

६

"चावी मार," काकू म्हणाल्या. मिस्त्रीने चावी फिरवली. स्टार्टर जोमाने फिरला, इंजिन फिरलं, पण पेटेना. पुन्हा मारली. नाही.

"इंजिन गरम आहे, ठिणगी जागेवर आहे, पंप नवा आहे आणि टाकीत छत्तीस लिटर पेट्रोल आहे," काकू म्हणाल्या. "तरी ते उपाशी मरतंय. आता सगळे माझ्याबरोबर मागे या. साहेब, किल्ली काढा."

काकांनी सकाळी रिळातून काढून दिलेला हातभर लांब सुती दोरा काकूंनी पदरातून सोडवला आणि झाकणाच्या कडेशी धरला. "किल्ली लावा आणि झाकण अगदी थोडं फिरवा. चिमूटभर. पूर्ण उघडू नका."

साहेबांनी फिरवलं. फुस्स झालं, लांबलचक, साप फुत्कारल्यासारखं.

"ऐकलंत? तुम्हाला वाटलं, कोंडलेली वाफ बाहेर येते. आता दोऱ्याकडे बघा."

दोरा बाहेर उडाला नाही. तो ताठ झाला आणि टोकाकडून झाकणाखालच्या फटीत ओढला गेला. काकूंनी सोडला असता तर सगळाच आत गेला असता.

"हवा बाहेर येत नाही," डॉक्टर पुटपुटल्या. "आत जातेय."

"आत जातेय, कारण आत हवा उरलेलीच नाही. जुन्या झाकणाला एक बारीक भोक होतं, मोहरीएवढं. पेट्रोल जितकं खर्च होईल तितकी हवा त्या भोकातून आत यायची. हे कुलपाचं झाकण या टाकीचं नव्हे. याला भोकच नाही. बाटलीला तोंड लावून पाणी ओढत राहा आणि हवा आत जाऊ देऊ नका; चार घोटांनंतर पाणी येईनासं होतं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, वर हवा ओंजळभर. साडेतीन लिटर खर्च झालं, की ती टाकी पंपाशी रस्सीखेच करायला लागते, आणि साडेतीन लिटरला ही गाडी बरोबर या दगडापर्यंत येते. चढाचा काही संबंध नाही. तो बिचारा फक्त पुढे उभा होता."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "आणि माझ्याकडे यायची तोवर तासन्‌तास उभी राहिलेली असायची. रबराच्या फटीतून हवा आत झिरपलेली. मला दिसणार कुठून!"

"म्हणूनच अर्ध्या तासाने सुरू व्हायची," मामा म्हणाला. "येताना टाकी थोडी रिकामी झालेली, दिवसभर उभी, आणि सगळा उतार."

"आणि मी होतो त्या दिवशी..." साहेब बोलता बोलता थांबले.

"त्या दिवशी तुम्ही पुलाच्या अलीकडे झाकण उघडलंत. चोरी पकडायला. तुमच्या संशयाने तिचा श्वास बांधला होता, आणि तुमच्याच संशयाने तो मोकळा केला." काकूंनी मिस्त्रीला खूण केली. "मार."

तो धावत पुढे गेला. इंजिन थंड व्हायला दोन मिनिटंही मिळाली नव्हती. एक चावी, आणि इंजिन असं पेटलं की रस्त्यालगतच्या झाडावरचे पक्षी उडाले.

साहेब झाकण हातात धरून उभे होते. चिवट माणूस होता. चूक दिसत होती तरी हिशोब सुटत नव्हता. "गाडीचं कळलं," ते म्हणाले. "पण पेट्रोल? दर फेरीला लिटरभर जातंच होतं. कुलूप लावायच्या आधीपासून. ते कुठे गेलं?"

मामाची मान पुन्हा खाली गेली. या प्रश्नाने त्याला आठ महिने खाल्लं होतं.

काकूंनी वही उघडून साहेबांपुढे धरली. "पहिल्या दगडापासून या दगडापर्यंत किती किलोमीटर?"

"सत्तावीस."

"या बघा सत्तावीस रेघा. आता तुमच्या मीटरवर किती झाले ते वजाबाकी करून सांगा. पहिल्या दगडापाशी होता तो आकडा वर लिहिलाय."

साहेब गाडीत वाकून आकडा बघून आले. वजाबाकी त्यांनी दोनदा केली. "पंचवीस," ते म्हणाले. "हे कसं शक्य आहे?"

"दगड चालत नाहीत साहेब, चाकं चालतात. आठ महिन्यांपूर्वी मोठे टायर घातले. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, म्हणून त्याच रस्त्याला फेरे कमी होतात. मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतं. गाडी सत्तावीस किलोमीटर चालते आणि मीटर पंचवीस सांगतं. दर आठवड्याला गाव वेगळं, म्हणून एकूण आकडा कमी आलेला कोणाला जाणवला नाही. आता तुमचा तो साडेसातच्या आतला आकडा सत्तावीसने गुणून पंचवीसने भागून बघा."

साहेबांनी पेन्सिल काढली. बॉनेटवर वही ठेवून भागाकार मांडला. इंजिन खाली घुरघुरत होतं, पेन्सिल थरथरत होती. मग त्यांनी पेन्सिल कानावर अडकवायला नेली, ती खाली पडली, आणि ती उचलायचं भानही त्यांना राहिलं नाही.

"आठ," ते म्हणाले. "लिटरला आठ. पहिल्यासारखे. थेंबही गेलेला नाही."

"थेंबही गेलेला नाही," काकू म्हणाल्या.

साहेब सावकाश मामासमोर जाऊन उभे राहिले. कोणालाही वाटलं असतं की ते घसा साफ करून काहीतरी छापील बोलतील. पण त्यांनी हात जोडले. "मामा, मी तुम्हाला चोर म्हटलं. चार लोकांत म्हटलं. तो ताकिदीचा कागदही माझाच. त्या दिवशी तुम्ही गाडी डोंगराला टेकवली नसतीत, तर पाप माझ्या डोक्यावर होतं. उद्या बैठकीत हे सगळं मी माझ्या तोंडाने सांगेन. आता इथे, या तिघांसमोर माफी मागतो."

मामाने साहेबांचे जोडलेले हात धरून खाली केले, आणि मग तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. "उशीर होतोय," तो म्हणाला. "माणसं बसली असतील वर."

"मग बघताय काय?" मिस्त्री दार उघडून खाली उतरला. "जागा तुमची आहे. बसा."

मिस्त्रीने पत्र्याला बारीक भोक पाडायच्या हत्याराने झाकणाला तिथल्या तिथे भोक पाडलं, फुंकून बघितलं आणि झाकण लावून टाकलं. मामा पुढे चढला. सीट मागे सरकवली, आरसा आपल्या मापाला वळवला, आणि गिअर टाकला.

गाडी घाटाला लागली. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणावर मातीत अजून चाकांचे खोल ओरखडे दिसत होते. मामाने एक गिअर खाली घेतला, आणि त्या एकतीस वर्षांच्या इंजिनाने असा भरदार सूर धरला, की काकूंच्या अंगावर काटा आला. एक ठोका चुकेना. चार सिलिंडर, चौघे भाऊ खांद्याला खांदा लावून ओझं ओढावं तसे ओढत होते. चौथं वळण, सातवं, अकरावं. दरी खाली खाली जात राहिली. डॉक्टर खिडकीची कड धरून लहान मुलीसारख्या हसत होत्या. मिस्त्री प्रत्येक वळणाला "हां! हां!" करत मांडीवर थाप मारत होता.

घाटमाथा आला तसा गार वारा आत घुसला. रस्ता सपाट झाला आणि लांबवर गावातली शाळा दिसली. शाळेपुढे माणसंच माणसं. काही उभी, काही भिंतीला टेकून, काहींनी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. ज्यांना दिसत होतं त्यांनी गाडी बघितली. ज्यांना दिसत नव्हतं, ते नुसतेच आवाजाच्या दिशेने तोंड करून उभे होते.

मामाने हॉर्नवर हात ठेवला, मग साहेबांकडे बघून तो मागे घेतला. दवाखान्याच्या गाडीने गावात हॉर्न वाजवायचा नाही, असा नियम होता. नियम साहेबांचाच होता.

साहेब समोरच्या गर्दीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वाजवा हो मामा," ते म्हणाले. "आपण आलोय हे कळू दे सगळ्यांना."

आणि मामाने शाळेच्या फाटकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.